वरचा बांबू

वीटभट्टीपाशी नदीत रोवलेला बांबू दिसू लागला तेव्हा लूएनची होडी सगळ्यांच्या पुढे होती. मागच्या होडीचं टोक चांगलं दोन होड्यांच्या अंतरावर राहिलं होतं. बांबूच्या शेंड्याला लाल फडकं बांधलेलं. त्याला वळसा घालून पुलाकडे परत फिरायचं, की बायकांची शर्यत संपली. पुरुषांचा बांबू आणखी चार किलोमीटर वर, देवळाच्या वळणावर होता.

दोन्ही काठांवर माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरली होती. कुणी पातेली बडवत होतं, कुणी गवती टोप्यांनी होड्यांवर पाणी उडवत होतं. राष्ट्रदिनाच्या सकाळी गावात कुणी घरी बसत नाही. पोटासाठी सायगॉनला गेलेलेही दोन दिवसांची बस पकडून या शर्यतीला येतात.

लूएन बावन्न वर्षांची. ती सर्वांत पुढच्या बाकावर बसे आणि तिच्या वल्ह्याच्या ठेक्यावर मागच्या बावीस जणी वल्ही मारत. एकोणीस वर्षांत तिच्या वाडीला विजयाचं निशाण मिळालं नव्हतं. आज ते मिळणार, हे काठावरच्या शेंबड्या पोरालाही कळलं होतं.

सकाळी देवळात उदबत्त्या लावून झाल्यावर ती शर्यतीचे प्रमुख बांगसाहेब यांच्याकडे अर्ज घेऊन गेली होती. बायकांनाही वरच्या बांबूपर्यंत जाऊ द्या, असा हा तिसऱ्या वर्षीचा तिसरा अर्ज. बांगसाहेबांनी तो वाचलाही नाही. त्याची घडी करून वारा घेत ते म्हणाले, काकू, ऊन बघा किती आहे, भोवळ येऊन पडलात तर आम्ही कुणाकुणाला उचलायचं? भोवतालचे हसले. साहेबांनी तिच्यापुढे चहाचा पेला सरकवला आणि आधी खालच्या बांबूवरून तरी धड परत या, म्हणाले. लूएनने चहा घेतला नाही. गेल्या पुरात याच बायका देवळाच्या वळणापलीकडे वल्हवत गेल्या होत्या, कौलांवर बसलेली माणसं उतरवायला. तेव्हा अंतर कुणी मोजलं नव्हतं.

बांबू जवळ आला. मागे सुकाणूवर खोआकाका होते, सत्तरीचे, होडीतले एकमेव पुरुष.

"लूएन, वळवायला घेतो गं."

तिने मान वळवली नाही. "सरळ घ्या."

मधल्या बाकावरची दिएप सगळ्यांत धाकटी, पहिल्यांदाच शर्यतीत उतरलेली. तिचा आवाज रडवेला झाला. "आत्या, आपण जिंकतोय."

"माहीत आहे मला."

खोआकाकांनी पुन्हा विचारलं, बांबू मागे पडला की निशाण गेलं, कळतंय ना? लूएनने ठेका बदलला. जवळच्या पल्ल्याचा जलद ठेका सोडून लांबच्या पल्ल्याचा, खोल आणि संथ धरला. मागे चार-पाच वल्ही एकमेकांवर आपटली. खोआकाका पुटपुटले की आज सगळी वाडी आपल्याला जोड्याने मारणार. त्यांची बायको तिसऱ्या बाकावर होती. ती म्हणाली, "तोंड मिटा आणि सुकाणू धरा."

मग वल्ही जुळली. लूएनला ते पायाखालच्या फळीतून कळलं. दिएपचं वल्हं सगळ्यांत शेवटी जुळलं, पण जुळलं. लाल फडकं डाव्या बाजूने गेलं आणि मागे राहिलं.

काठावरची पातेली एकदम थांबली.

बांगसाहेबांची मोटरबोट धावत आली. कर्ण्यातून ते आधी रागावले, बाद करीन म्हणाले, मग नरमले. निशाण तुमचंच आहे काकू, अजूनही मागे फिरा, मी पाहून न पाहिल्यासारखं करतो. तेवीस जणींपैकी एकीनेही तिकडे पाहिलं नाही. तेवढ्यात मागे दुसरी होडी बांबूला वळसा घालू लागली आणि साहेबांना परतावं लागलं.

पुढे काठ रिकामे होते. पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी, कपडे धुणारी एक म्हातारी. होडी पाहून ती साबण लावलेला सदरा हातात तसाच धरून काठाकाठाने धावत निघाली आणि धाप लागेपर्यंत धावली. प्रवाह समोरून ढकलत होता. लूएनच्या तळहातांची साल निघाली. एक जण वल्हवता वल्हवताच ओकली आणि तिने तोंड न पुसता पुढचं वल्हं मारलं. भोवळ कुणालाच आली नाही. वरचा बांबू आला तेव्हा तिथे पंच नव्हते, ढोल नव्हता. वळसा घेताना प्रत्येकीने हात लांब करून त्या बांबूला हात लावला.

त्या पुलापाशी परतल्या तेव्हा निशाण देऊन झालं होतं. पुरुषांच्या होड्या तासभर ताटकळत उभ्या होत्या, नदी मोकळी होण्याची वाट पाहत. काठावरून मात्र कुणी हललं नव्हतं. होडी पुलाखाली शिरली आणि चहूकडून पाणी उडालं.

लूएन ओल्या कपड्यांनी बांगसाहेबांच्या टेबलापाशी गेली. त्यांनी तिच्या वाडीपुढे 'बाद' लिहून ठेवलं होतं.

"असू दे," ती म्हणाली. "कुठल्या बांबूवरून परतलो, तेही शेजारी लिहा."

तसा रकाना नाही, साहेब म्हणाले.

"मग समासात लिहा."

ती तिथून हलेना. शेवटी त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. जिंकलेल्या होडीची म्होरकी स्वान होती, निशाण काखेत मारलेलं. लूएनला वाटलं, ही आता टोमणा मारणार. स्वानने तिच्या सोललेल्या हातांकडे पाहिलं, मग नदीच्या वरच्या अंगाकडे.

"देवळाच्या वळणाला पाण्याला ओढ कशी आहे गं?" तिने विचारलं.