न झिजलेली किल्ली

घर सुरक्षित ठेवायचं असेल तर दयामाया कामाची नाही, असं कुलूपवाले काका गेली तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत आले होते. भावाला किल्ली देऊ नका, जावयाला देऊ नका, कुंडीखाली तर मुळीच ठेवू नका. त्यांच्या स्वतःच्या दाराचं लॅच मात्र इतकं खिळखिळं झालं होतं की शेजारी कुणी जोरात शिंकलं तरी उघडलं असतं.

ते बदलायचा विषय काकूंनी काढला की काकांना दुकानात काम निघे. लेक भांडून घर सोडून गेली त्याला सात वर्षं झाली होती. सात वर्षांत काकांनी तिचं नाव काढलं नव्हतं आणि दाराचं कुलूप बदललं नव्हतं. दर रविवारी अकराला लेकीचा काकूंना फोन येई, आणि दर रविवारी पावणेअकराला काकांना बंद दुकानात काहीतरी विसरल्याचं आठवे.

पण सोमवारी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त फौजदारांकडे भरदुपारी चोरी झाली. चोरांनी टीव्ही नेला, इस्त्री नेली, जाताना पंखा तेवढा बंद करून गेले. संध्याकाळी फौजदार वर आले आणि काकांच्या दाराकडे बघत म्हणाले, "काका, हे कुलूप आहे की शोभेची वस्तू?"

आता धंद्याच्या अब्रूचा प्रश्न होता. मंगळवारी दुपारी काकांनी दुकानातलं सगळ्यात भारी लॅच घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. काकू समोर मटार सोलत बसल्या.

काकांनी लॅच उघडून आतल्या पितळी पिना चिमट्याने एकेक करून बशीत काढल्या. नव्या किल्ल्यांची पुडी त्यांनी फोडलीसुद्धा नाही. खिशातली जुनी किल्ली काढून तिच्याच खाचा मोजायला घेतल्या. नव्या कुलपाला जुनी किल्ली कशाला, असं काकूंनी विचारलं. कंपनी तीच आहे, जुन्या किल्लीच्या मापाने पिना बसवल्या की जुनी किल्ली चालते, हाताला सवय असते, असं काकांनी बशीतल्या पिनांना सांगितलं. कुणाच्या हाताला, हे काकूंनी विचारलं नाही.

मध्येच काका थांबले. किल्ली उजेडात धरून पाहिली. काकूंची मागून घेतली, तीही पाहिली.

"झिजल्यात," ते म्हणाले.

मग धंद्यातली अडचण सांगावी तसं त्यांनी सांगितलं. जुनं लॅच सैल, ते कसलीही किल्ली चालवून घेई. हे नवं केसाइतकाही फरक खपवून घेणार नाही. झिजलेल्या किल्लीचं माप घेतलं तर या दोन किल्ल्या लागतील. पण जी किल्ली सात वर्षं वापरलीच गेली नाही, ती आत जाईल आणि फिरणार नाही.

"ती कधी आली आणि तिची किल्ली फिरली नाही," काका म्हणाले, "तर तिला वाटेल, मी मुद्दाम बदललं."

काकूंचा हात शेंगेवरच थांबला. स्वयंपाकघरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात बटणं होती आणि बटणांच्या तळाशी लाल दोरा बांधलेली लेकीची किल्ली. लेक गेली त्या सकाळी ती याच टेबलावर ठेवून गेली होती. काका आंघोळीला गेले होते तेवढ्यात काकूंनी ती उचलली. तेव्हापासून लेकीकडे किल्ली आहे या भरवशावर काका जगत होते, आणि तो भरवसा काकू बटणांखाली झाकून ठेवत होत्या. चोरांपासून घर राखणं त्यामानाने सोपं असावं.

काका पिना गोळा करू लागले. राहू दे जुनंच, म्हणाले. फौजदारांना कुलपातलं काय कळतंय, त्यांचंच घर फुटलंय.

काकूंनी मटारांचं ताट बाजूला सारलं आणि त्या आत गेल्या. आतून बटणं ओट्यावर ओतल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी किल्ली वर्तमानपत्रावर ठेवली.

"हिचं माप घ्या. त्याच दिवशी ठेवून गेली होती. मी उचलली."

काकांनी किल्ली हातात घेतली. दोऱ्याची गाठ अंगठ्याने चाचपली आणि बराच वेळ खाचांकडे बघत राहिले. आता यांना दुकानात काहीतरी विसरल्याचं आठवणार, असं काकूंना वाटलं. काका उठले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"अगदी कोरी आहे गं," ते म्हणाले. "माप छान येईल."

तासाभरात लॅच दारावर बसलं. लेकीची किल्ली एकदाही न अडखळता फिरली. घरातल्या दोघांच्या किल्ल्या फिरल्या नाहीत. लेकीच्या किल्लीवरून दोन नव्या काकांनी दुकानातून कापून आणल्या आणि काकूंची काकूंच्या हातात देताना मान वर न करता विचारलं, "पत्ता असेल ना तुझ्याकडे?"

बुधवारी सकाळी कुरियरच्या खिडकीवरच्या माणसाने पाकीट हलवून आत काय आहे ते विचारलं. किल्ली, काका म्हणाले. किंमत काय लिहू, त्याने विचारलं. जुन्या किल्लीला काही किंमत नसते, असं काकांनी तीस वर्षांच्या अनुभवाने सांगितलं.

त्याने रकान्यात शून्य लिहिलं.