अकरा दिवसांचं कुलूप

तबस्सुमने आप्पांच्या कानामागे वायर लावली आणि टॅब उघडला. पक्षाघाताने वाचा गेल्यापासून आप्पा मेंदूतल्या चिपच्या जोरावर बोलत. आज तीही मुकी झाली होती.

"सकाळी त्यांच्या मित्राचा फोन आला, तेव्हा कळलं," त्यांचा मुलगा श्रीरंग तावातावाने म्हणाला. "तीनदा रीस्टार्ट केलं, पण वाणी-सेवा सुरूच होत नाही. तुमच्या कंपनीचा मालच भिकार!"

तबस्सुमने नोंदी चाळल्या. "दादा, बिघाड नाहीये. तुमच्याच मोबाइलवरून सेवा बंद करून कुलूप घातलंय. मग रीस्टार्टने कशी सुरू होईल?" ती जराशी अडखळली. "आणि आज नाही. अकरा दिवस झाले."

श्रीरंगला तो दिवस आठवला. अकरा दिवसांपूर्वी त्याच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. आप्पा पोहे खाताना भलतंसलतं बोलतील म्हणून त्यानेच ते बटण दाबलं होतं. पाहुणे गेले, होकार आला, शेजारीपाजारी पेढे वाटून झाले. कुलूप मात्र तसंच राहिलं. आप्पांना कुणी काही विचारलंच नव्हतं, मग उत्तर येत नाही हे कळणार कसं?

"कुणी बंद केली, ते फॉर्मवर लिहावं लागतं," कुलूप काढत तबस्सुम म्हणाली.

"मीच सांगितलं होतं त्याला," आप्पा चटकन बोलले. "जरा गप्प बसावंसं वाटलं."

तिने तसं लिहून घेतलं. श्रीरंग फरशीकडे बघत उभा होता.

"श्री," आप्पांनी हळूच विचारलं, "त्या पाहुण्यांचं काय झालं रे? होकार आला का?"