न झिजणारा पिस्टन

शकीलभाईंनी इंजिन उघडलं. पाच वर्षं घाट चढूनही पिस्टनच्या रिंगा कोऱ्या करकरीत. झीज आपोआप भरून काढणारं नवं तेल आल्यापासून सगळीकडे असंच होतं.

“सर्जेराव, गाडी तुझ्याहून तरुण दिसतेय!”

ड्रायव्हर सर्जेराव टायरवर बसून धापा टाकत हसला. “रक्तातलं लोह संपत आलंय म्हणे. पण रोज बोटं बुडवून तेल मीच बघतो. गाडीला जपावं लागतं, भाई.”

तेलाच्या घमेल्यात कालपासून पडलेला पाना शकीलभाईंनी उचलला. तो काडीएवढा उरला होता.

रिंगा भरायला तेल लोखंड कुठून आणतं, ते त्यांना कळलं. त्यांनी घाईघाईनं हात पुसले. फडकं कोरडंच राहिलं. तेल केव्हाच आत मुरलं होतं.