दुर्गाबाईच्या गच्चीवरचा हिरवा दिवा

"गोजरे, नाक लाव आन् सांग, आज सुकट टाकू का नको?"

सासू जाऊन वीस वर्षं झाली, तरी सकाळी दार उघडलं की गोजराच्या कानात पहिला हाच आवाज यायचा. तुर्भ्याच्या कारखान्यांच्या भिंतीला लागून त्यांची आळी. नव्या नवरीच्या नाकावर आधी सासूनं भरवसा टाकला, मग सगळ्या आळीनं. कुणाचे पापड, कुणाची गोधडी, कुणाचं तान्हं. गोजरा 'हां' म्हणाली की उन्हात, 'नाय' म्हणाली की घरात.

गेला महिनाभर तिला कुणी विचारलं नव्हतं. नेरूळच्या एका संस्थेतली क्षिप्रा आली आणि हवा मोजायचं पांढरं यंत्र समोरच्या दुर्गाबाईच्या गच्चीवर बसवून गेली. गोजराच्या घराला पत्रे, तिथं कुठं बसवणार? हवा बरी असली की यंत्रावर हिरवा दिवा, वाईट असली की लाल; तो बघून आळीला सांगायचं काम दुर्गाबाईचं, म्हणून तिच्या गळ्यात संस्थेचं फोटोचं कार्ड आलं. मासळी साफ करतानासुद्धा ती ते काढत नसे.

आज दार उघडताच गोजराच्या टाळूला काहीतरी चिकटलं. कुजक्या लसणासारखं. अगदी बारीक, पण ओळखीचं. हा वास आला की तासाभरात डोळे चुरचुरायला लागतात, हे तिला पाठ होतं. ती तशीच ओट्यावर आली.

"हिरवा हाय गं, हिरवा!" गच्चीवरून दुर्गाबाई ओरडली. "टाका काय टाकायचं ते!"

गोजरानं हात वर केला. "दुर्गे, आगं..."

"काय गोजराबाय, आजून नाक वर करून उबी? सोड आता. तुज्या नाकाला पेन्शन लागली!"

नळावरच्या बायका खदखदून हसल्या. गोजराचा हात खाली आला. कळू दे की एकदा, तिच्या मनात आलं. कळू दे हिला, दिवा काय आणि नाक काय.

दुर्गाबाईची सहा वर्षांची नात जाई ठिक्कर घेऊन घराबाहेर पडली. पोरीला दम्याचा त्रास, हवा चांगली असेल तरच तिला अंगणात सोडत. गोजराच्या ओट्यावरून उडी मारून ती भिंतीकडे पळाली. गोजरा तांदूळ निवडत बसली. एकेक दाणा, खाली मान घालून.

नऊच्या सुमाराला जाईच्या आईची किंकाळी आली. पोरीचे ओठ निळसर पडले होते. पंप तोंडाला लावला, तरी छाती भात्यासारखी उडत होती. रिक्षा आली, गेली.

दहाला क्षिप्रा धावत पोचली. दुर्गाबाई आपल्या ओट्यावर बसलेली. गळ्यातलं कार्ड काढून तिनं क्षिप्राच्या हातात ठेवलं.

"घे बाय. लाल आसंल तो. मलाच म्हातारीला नाय दिसला."

क्षिप्रानं मोबाईलवर सकाळचे आकडे पाहिले. "नाही हो काकू, हिरवाच होता. हे यंत्र फक्त धूळ मोजतं. गॅस सुटला असेल तर त्याला नाही कळत. मी हे आधीच सांगायला हवं होतं." तिनं जमलेल्या बायकांकडे पाहिलं. "सकाळी कुणालाच वास नाही आला?"

सगळ्या माना गोजराकडे वळल्या. महिनाभर ती याच नजरांसाठी झुरली होती.

"नसंल आला," दुर्गाबाई डोळे पुसत म्हणाली. "हिला आला आसता तर ही गप बसली नसती. येवडी वर्सं वलखते मी हिला."

गोजरा दुर्गाबाईच्या समोर येऊन उभी राहिली.

"आलेला," ती म्हणाली. "दार उगडलं तवाच आलेला. जाई माज्या डोल्यादेखत खेलाया गेली दुर्गे, आन् मी बोलले नाय."