चांदवाला घोडा

"चांदवाला कोणता?" ज्योत्स्नाने विचारले.

खिडकीखालच्या टेबलावर बारा घोडे उभे होते. एकेक बोटाच्या दोन पेरांएवढा. सगळे तपकिरी, त्यातल्या एकाच्याच कपाळावर पांढरा चांद. चार वर्षांच्या समीक्षाने एक घोडा उचलला, गोंजारला, ठेवला. मग दुसरा, तिसरा. सातवा मात्र मुठीत घट्ट धरला.

"हा!"

"पाह्य!" तिच्या आजीने, लीलाबाईंनी, टाळी वाजवली. "मले तर चष्मा लावूनही तो ठिपका सापडत नाई. अन् तू म्हणतं, पोरीले दिसत नाई. कालेजात हेच शिकवलं का वं तुले?"

 ज्योत्स्नाने सासूसमोरच घोड्यांच्या जागा बदलून ते पुन्हा मांडले. सकाळपासून पाच वेळा विचारून झाले होते. पाचही वेळा बरोबर.

दारात तिचा नवरा आदेश गाडीची किल्ली घेऊन उभा होता. सावंगीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे साडेदहाचा नंबर होता. "जायचं का नाई, एकदाचं सांग," तो म्हणाला. "मले हाफ डे टाका लागन."

 दोन महिन्यांपासून ज्योत्स्नाची नजर पोरीवरून हलत नव्हती. समीक्षा ताटातली भाजी चाचपून घ्यायची. तळेगावच्या लग्नात तिने परक्याच बाईचा पदर धरला, आणि ती बाई बोलली तेव्हा कुठे रडली. कुणाला न सांगता ज्योत्स्ना रोज तिच्या डोळ्यांपुढे बोट फिरवून पाहायची. कधी बुबुळ हलल्यासारखे वाटायचे, कधी नाही. देवापुढे उभी राहिली की मागणे एकच. माझं चुकू दे. मला वेडी ठरव.

आणि तिला वेडी ठरवायला हे घोडेच होते. परदेशातले हौशी लोक जुन्या लढाया टेबलावर मांडून खेळतात. त्यांच्यासाठी ती मराठ्यांचे घोडदळ रंगवून पाठवायची. समीक्षा दिवसभर तिला चिकटून बसलेली. आधी अंगभर पांढरे अस्तर, त्यावर तपकिरी, सगळ्यात शेवटी चांद. तपकिरीवर पांढरा एका हातात बसत नाही. एकावर एक चार हात दिले, तेव्हा कुठे तो उमटतो.

सहाव्यांदा समीक्षाने घोडा काढून दिला. बरोबर.

ज्योत्स्ना मटकन खुर्चीत बसली. हसली, आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. "राहू द्या," ती आदेशला म्हणाली. "नाही जायचं."

"देव पावला बाई!" लीलाबाई उठल्या. "थांबा, मी चहा मांडतो."

आदेशने किल्ली खुंटीला लावली.

टेबलाच्या कडेला तेरावा घोडा सुकून तयार होता. काल पांढऱ्या रंगाची बाटली संपली, म्हणून याचा चांद तिने रंगवलाच नव्हता. अस्तराचाच ठिपका मोकळा सोडून भोवतीने तपकिरी रंग फिरवला होता. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लखलखीत चांद नेमका त्याचाच झाला होता. आनंदाच्या भरात तिने तो पोरीच्या हातात दिला.

"अन् हा? सांग बरं, हा कसा आहे?"

खिडकीतले ऊन थेट घोड्यावर पडले होते. समीक्षाचा अंगठा त्याच्या कपाळावरून फिरला. परत फिरला. मानेवरून, नाकावरून, पुन्हा कपाळावर आला.

"याले चांद नाई, मम्मी."

"अवं, एवढा थोरला पांढराफेक..." लीलाबाई म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या.

 आदेशने खुंटीवरची किल्ली पुन्हा काढली.

समीक्षाने घोडा आईपुढे धरला. आईपुढे नाही, आईच्या जरा बाजूला, रिकाम्या हवेत.

"लावून दे ना त्याले," ती म्हणाली. "बोटाले लागतच नाई."