पुढच्या काचेचं रबर

"बुक्क्या नको मास्तर, तळहाताने थोपटा," मिस्त्री गाडीच्या आतून म्हणाले.

मास्तरांनी बाही सावरली आणि बाहेरून काच थोपटायला सुरुवात केली. गाडी साठ वर्षांची, आणि पुढची काच कारखान्यातून आलेली तीच. फुटली तर दुसरी मिळणार नव्हती. ती बनवणारेच उरले नव्हते.

काचेच्या कडेने नवं रबर चढवलं होतं. त्याच्या खाचेत मिस्त्रींनी सुतळी घालून दोन्ही टोकं आत घेतली होती. आता ते एक टोक सावकाश ओढत होते, आणि सुतळी निघेल तसतशी रबराची कड पत्र्यावर आपसूक उलटून बसत होती. शाळेत फळ्यावर नुसत्या हाताने वर्तुळ काढणारे म्हणून मास्तरांचा मोठा दरारा होता. पण या माणसाच्या बोटांपुढे त्यांनी केव्हाच हात टेकले होते.

सकाळी जुनं रबर काढताना मिस्त्री म्हणाले होते, "वर्षसुद्धा झालं नाही हो हे बसवून."

"उंदीर. दुसरं काय?"

"असेल. उंदरांचा काही नेम नाही."

चोराच्या मनात चांदणं. मास्तर उगाचच खोकले होते, कारण दाढीच्या पात्याने ते रबर त्यांनीच कापलं होतं. त्याआधी दाराचं, मग मागच्या काचेचं. आता पुढचीच उरली होती. मिस्त्रींचा हात थरथरतो, ते गॅरेज बंद करणार, अशी कुजबुज गल्लीत सुरू झाली आणि मास्तरांच्या जिवाला घोर लागला. असला कारागीर रिकामा बसला तर महिन्याभरात अंथरूण धरेल. त्याला काम हवं, तेही त्याच्या तोडीचं. त्यापुढे काचेची काय मातब्बरी!

वरच्या कोपऱ्यात सुतळी अडली. काचा तडकतात त्या तिथेच. मिस्त्रींचा उजवा हात थरथरू लागला.

"ही गेली ना मास्तर, तर आजच शटर ओढायचं. कायमचं."

"शटरबिटर काही नाही. मी थोपटतोय, तुम्ही ओढा."

मिस्त्रींनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. बोटाने साबणाच्या पाण्याचे दोन थेंब कोपऱ्यात सोडले. घाई केली नाही. हात थांबेपर्यंत डोळे मिटून बसले, मग सुतळी काचेच्या मध्याकडे वळवून एका दमात ओढली. कड टपकन जागेवर बसली. मास्तरांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि त्यांनी त्या वाजवल्याही.

पाइपने पाण्याचा मारा करून पाहिला. आत थेंब नाही.

"मग? शटर?" मास्तरांनी विचारलं.

"राहू दे वर. तुमची गाडी आहे तोवर कुठे जातोय मी!"

मास्तर गाडी घेऊन निघाले ते शीळ घालतच. एक माणूस वाचवल्याचा आनंद काही लहान नसतो. घरी पोहोचल्यावर लक्षात आलं, वाचायचा चष्मा गॅरेजातच राहिला. ते पायीच परत गेले.

शटर अर्धं खाली होतं. आतून वहिनींचा, मिस्त्रींच्या बायकोचा, आवाज आला.

"आजही सांगितलं नाहीत ना? डॉक्टरांनी दोनदा बजावलंय. लेकीने वर्षभर खोली तयार ठेवलीय. रात्रभर हात शेकत बसता, आणखी किती दिवस अहो?"

मास्तर शटरपाशी वाकलेले तसेच राहिले.

"कसं सांगू?" मिस्त्री म्हणाले. "बायको गेल्यापासून मास्तरांना बोलायला कोण आहे? आपण गेलो तर कापलेलं रबर घेऊन बिचारे जातील कुणाकडे?"