उचलायची खूण

"रात्री किती वेळा उठता, काका?" डॉक्टरांनी विचारलं.

"उठतो."

"हो, पण किती वेळा?"

"मोजण्याइतका जागा नसतो," सासरे म्हणाले आणि पुन्हा पंख्याकडे बघायला लागले.

सुनेने मांडीवरच्या लेकीच्या, गब्बूच्या मुठीतून पेपरवेट सोडवून घेतला. नवरा परगावी, सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून बाबांसोबत तीच आली होती. आत यायला ती कचरत होती, पण डॉक्टरांनीच खुर्ची दाखवली. आता लघवीची धार कशी आहे, घाई होते का, थांबून थांबून होते का, या सगळ्याला बाबा एका शब्दात उत्तर देत होते आणि ती लेकीचे नीट असलेले मोजे पुन्हा नीट करत होती.

गब्बू आजोबांकडे झेपावली. आजोबांनी तिचं नाक चिमटीत धरलं, हसले; हात मात्र लगेच मागे घेतले.

सुनेने ते पाहिलं. गेले काही आठवडे ती हेच पाहत होती. पूर्वी पोर रडायच्या आत बाबांच्या कडेवर असायची. आता ते म्हणत, "राहू दे खाली, खेळू दे तिला." कामावर पुन्हा रुजू व्हायची तारीख जवळ येत होती, दिवसभर गब्बूला बाबाच सांभाळणार असं ठरलं होतं, आणि त्याच सुमाराला हे सुरू झालं. पोर नकोशी झाली का? की आपणच कधी काही लागेलसं बोललो? विचारायला जीभ रेटत नव्हती.

"गोळी मानवतेय ना?" डॉक्टर म्हणाले.

"मानवते." मग जरा थांबून, "उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. भिंत धरली की जाते."

"कधीपासून?"

"गोळी सुरू झाल्यापासून."

"आणि घरी कुणाला बोलला नाहीत?"

"ही पोरगी शिंकली तरी आमच्या सूनबाई थर्मामीटर काढतात. त्यांना आणखी एक पेशंट कशाला द्या?"

डॉक्टरांनी मान हलवली. या गोळीने काहींचा रक्तदाब उठताना एकदम उतरतो, ते म्हणाले. मग कागद ओढून त्यांनी एक गोळा काढला, गोळ्यातून जाणारी एक वाट काढली.

"ही प्रोस्टेट ग्रंथी. वयाने वाढलीय. कॅन्सर नाही, ते तपासून झालंय. पण लघवीची वाट दाबून धरतेय. नेहमीचं ऑपरेशन म्हणजे दुर्बिणीतून आतून खरवडायचं. पक्कं काम, पण दोन-चार दिवस इथे मुक्काम. दुसरं, वाफ देऊन ग्रंथी आकसवायची. कापाकापी नाही, पण काही दिवस नळी राहते आणि गुण सावकाश येतो. तिसरं, बारीक क्लिपा लावून ती दोन्ही बाजूंना ओढून धरायची, खिडकीचे पडदे बांधतो तशी. बहुधा त्याच दिवशी घरी. काही वर्षांनी पुन्हा काही करावं लागेल, तेही सांगून ठेवतो. तुम्हाला तिन्ही उपाय चालण्यासारखे आहेत."

सून प्रश्न घोकून आली होती. भूल कोणती, ताप येईल का, रक्त जाईल का. पण बाबाच आधी बोलले.

"वजन कधी उचलता येईल?"

"ऑपरेशन केलंत तर महिना-दीड महिना नाही. क्लिपांचं दोनेक आठवडे धरा."

"आणि गोळी?"

"बऱ्याच जणांची सुटते."

"मग क्लिपा लावा."

डॉक्टर हसले. "असं काय उचलायचंय तुम्हाला या वयात?"

बाबांनी हनुवटीने गब्बू दाखवली. "हिला."



"जन्मभर बंदरावर क्रेन चालवली मी," बाबा म्हणाले. "केबिन हलत असली की हुकाला भार घ्यायचा नाही, मुकादम खालून कितीही बोंबलो. वारा पडेपर्यंत बसून राहायचं. मग खालचा माणूस खूण करतो." त्यांनी बोट वर करून हवेत गोल फिरवलं. "तेव्हा उचलायचं. सध्या आमची केबिनच गरगरतेय."

गब्बूने ते फिरणारं बोट धरायचा प्रयत्न केला. सुनेने लेकीचं नाक पुसायला रुमाल काढला आणि स्वतःचंच पुसलं.

क्लिपा लागल्या. पहिले काही दिवस जळजळ झाली, लघवी लालसर झाली. सून बाथरूमबाहेर घडी घातलेल्या टॉवेलांच्या पुन्हा घड्या घालत उभी राहायची. एके सकाळी आतून बाबांचा आवाज आला, "जा सूनबाई, पाणीपुरवठा सुरळीत झालाय."

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी गोळी बंद केल्यापासून अंधारी येते का ते विचारलं, रक्तदाब बसून आणि उभ्याने मोजला, आणि म्हणाले, "उचला आता." सुनेला आभार मानायचे होते. तोंड उघडलं तर "बरं झालं हो," एवढंच निघालं.

बाहेर आल्यावर गब्बू बाकाला धरून उभी राहिली. बाबा तिच्याशेजारी बसले. उठले. पुन्हा बसले. पुन्हा उठले आणि कशालाही हात न लावता क्षणभर तसेच थांबले. रांगेतली माणसं बघत होती.

गब्बूने दोन्ही हात वर केले. बाबा वाकले, तिच्या काखांत पंजे घातले आणि तिथेच थांबून सुनेकडे बघत राहिले.

तिला आधी कळेना. मग तिने हातातली पिशवी खाली ठेवली, बोट वर केलं आणि हवेत गोल फिरवलं.

गब्बूचे पाय फरशीवरून सुटले.